वाळूच्या सागरातील सारथी : राल्फ बॅगनॉल्ड

जुन्या लष्करी मोटारगाड्या मिळवून, त्यांची डागडुजी करून त्या पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या हौशी मंडळींची एक स्वतंत्र दुनिया आहे. दुसऱ्या महायुद्धातील जीप, मालमोटारी, तोफा ओढणारे ट्रक यांच्यावर ही मंडळी आपला वेळ आणि पैसा अक्षरशः ओतत असतात. या दुनियेत एका मालमोटारीला विशेष मानाचे स्थान आहे. तिला टप नाही, दारे नाहीत, पुढची काच नाही. दोन्ही अंगांना लोखंडी पन्हळी टांगलेल्या, रेडिएटरजवळ पाण्याचा एक डबा बसवलेला आणि चालकासमोर सूर्याच्या सावलीवर चालणारे दिशादर्शक यंत्र. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या ब्रिटिश पथकाची ही मालमोटार. तिचे हे रूप मोटारींच्या कोणत्याही कारखान्यात ठरलेले नव्हते. स्वतःच्या खिशातून पैसे खर्चून, सुट्ट्यांच्या दिवसांत, साध्या फोर्ड गाड्या घेऊन वाळवंटात हिंडणाऱ्या एका सैनिकी अधिकाऱ्याच्या अनुभवातून ते घडले होते. या अधिकाऱ्याचे नाव राल्फ अ‍ॅल्जर बॅगनॉल्ड. पुढे हेच गृहस्थ वाळूच्या शास्त्राचे जगन्मान्य पंडित म्हणून ओळखले गेले.

बॅगनॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. घराणे सैनिकी. वडील आर्थर बॅगनॉल्ड हे रॉयल इंजिनीअर्समधील अधिकारी होते. खार्टुममध्ये वेढल्या गेलेल्या जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी १८८४-८५ मध्ये निघालेल्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला होता. इजिप्तमधील मेम्फिस येथे आडव्या पडलेल्या दुसऱ्या रामसेसच्या प्रचंड पुतळ्याला चिखलातून वर उचलण्याचे कामही १८८७ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली झाले. थोरली बहीण एनिड पुढे लेखिका म्हणून गाजली. ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ ही लोकप्रिय कादंबरी तिचीच. अवजड वस्तू युक्तीने हलवण्याची विद्या आणि इजिप्तचे आकर्षण या दोन्ही गोष्टी राल्फ यांना अशा रीतीने घरातूनच मिळाल्या होत्या.

१९१५ मध्ये ते रॉयल इंजिनीअर्समध्ये दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धाची जवळजवळ तीन वर्षे त्यांनी फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत काढली. युद्ध संपल्यावर केंब्रिज विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते पुन्हा सैन्यात, नव्याने स्थापन झालेल्या सिग्नल दलात रुजू झाले. १९२६ मध्ये त्यांची नेमणूक कैरोला झाली आणि त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली.

सुट्टीतील वाळवंट

कैरोतील ब्रिटिश अधिकाऱ्यांचे फावल्या वेळेचे जीवन पोलो, मेजवान्या आणि क्लब यांत गुंतलेले असे. बॅगनॉल्ड आणि त्यांच्या चार-सहा मित्रांना मात्र शहराच्या वेशीपासून सुरू होणारे वाळवंट खुणावत होते. जवळ होत्या त्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या. चार सिलिंडरचे, सुमारे २० अश्वशक्तीचे इंजिन, उंच चाके आणि हाताशी असलेल्या चार-दोन हत्यारांनी कोठेही उघडता यावी अशी रचना हे या गाडीचे गुण होते. ती दणकट होती, पण वाळवंटासाठी बनवलेली नव्हती. या गाड्यांतून मंडळींनी प्रथम सिनाई ओलांडून पॅलेस्टाईन आणि ट्रान्सजॉर्डन गाठले आणि १९२७ मध्ये पश्चिमेकडील सिवाच्या मरुद्यानापर्यंत मजल मारली.

वाळवंटात मोटार नेणारे हे पहिलेच लोक नव्हते. पहिल्या महायुद्धात सेनुसी टोळ्यांवर नजर ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी फोर्ड गाड्यांची हलकी गस्ती पथके इजिप्तच्या पश्चिम सरहद्दीवर फिरवली होती आणि तापलेल्या इंजिनातील पाणी वाचवण्याच्या, सूर्याच्या आधाराने दिशा शोधण्याच्या काही युक्त्या त्या पथकांनीच प्रथम शोधल्या होत्या. युद्ध संपताच हे ज्ञान मागे पडले. बॅगनॉल्ड यांनी ते धूळ झटकून वर काढले आणि अभियंत्याच्या शिस्तीने पूर्णत्वास नेले.

वाळवंटात पहिला शत्रू म्हणजे वाया जाणारे पाणी. मऊ वाळूत गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत चालू लागली की रेडिएटरमधील पाणी उकळते आणि त्याची वाफ बाहेरच्या नळीतून उडून जाते. माणसाला प्यायला जे पाणी न्यायचे तेच इंजिन गिळू लागते. बॅगनॉल्ड यांनी ही नळी बाहेर न सोडता गाडीला बांधलेल्या, अर्धवट पाणी भरलेल्या एका डब्यात बुडवली. वाफ डब्यात येई आणि तेथील पाण्यात थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होई. डब्यातील पाणीही उकळू लागले की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. इंजिन निवले की रेडिएटरमध्ये पोकळी निर्माण होई आणि डब्यातील सारे पाणी गुडगुड आवाज करीत आपोआप परत ओढले जाई. नळीचे सांधे हवाबंद असले म्हणजे दिवसचे दिवस रेडिएटरमध्ये थेंबभरही पाणी घालावे लागत नसे. मात्र एक सांधा सैल राहिला तर साऱ्या व्यवस्थेचा उपयोग संपे. त्यामुळे रोज मुक्कामाला पोहोचल्यावर प्रत्येक जोड तपासण्याचा नियम ओघानेच आला.

दुसरी अडचण दिशेची. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्राची सुई भरकटते. खात्रीची दिशा हवी असेल तर दर वेळी गाडी थांबवून, खाली उतरून, पन्नास पावले दूर जाऊन पाहावे लागे. बॅगनॉल्ड यांनी यासाठी सूर्याचा आधार घेतला. अंशांच्या खुणा असलेली आडवी तबकडी, तिच्या मध्यभागी उभी सुई आणि त्या सुईची तबकडीवर पडणारी सावली एवढेच हे यंत्र. सूर्य जसजसा सरकेल तसतशी तबकडी ठरावीक अंतराने फिरवायची आणि सावली नेमून दिलेल्या खुणेवर ठेवून गाडी हाकायची. रात्री थिओडोलाइटने ताऱ्यांचे वेध घेऊन आपण नेमके कोठे आहोत हे काढायचे. अचूक वेळेसाठी बिनतारी यंत्रावर येणारे कालसंकेत ऐकायचे. एका अर्थाने हा जहाजावरील खलाशाचाच धर्म होता.

तिसरी अडचण रुतण्याची. कैरोतील एका भंगाराच्या दुकानात बॅगनॉल्ड यांना लोखंडाच्या जाड पन्हळी मिळाल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांतील भुयारी खोल्यांवर छत घालण्यासाठी त्या बनवल्या होत्या. रुतलेल्या चाकापुढची वाळू हाताने उकरायची, ही पन्हळ तेथे सरकवायची आणि इंजिनला जोर देऊन चाक तिच्यावर चढवायचे, अशी ती रीत होती. वजन घटवण्यासाठी गाड्यांचे टप, दारे, मडगार्ड काढून टाकण्यात आले. टायरमधील हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर त्याचा भार विभागला जातो, हेही अनुभवाने पक्के झाले. एका मोहिमेतील सर्व गाड्या एकाच बनावटीच्या असाव्यात हा त्यांचा आणखी एक दंडक. एक गाडी कायमची बिघडली तरी तिचे सुटे भाग बाकीच्यांना उपयोगी पडत.

टेकडीवर चढलेली मोटार

१९२८ मध्ये बॅगनॉल्ड यांची बदली हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर झाली. तेथूनही रजा काढून ते इजिप्तला जात आणि मित्रांसह मोहिमेवर निघत. १९२९ आणि १९३० च्या मोहिमांचे लक्ष्य होते इजिप्त व लिबिया यांच्या सीमेवर पसरलेला वाळूचा महासागर. शंभर मीटरपर्यंत उंचीच्या वाळूच्या टेकड्यांच्या समांतर रांगा येथे शेकडो किलोमीटर गेल्या आहेत. मोटारीने हा प्रदेश ओलांडणे अशक्य असल्याचे त्या काळी सर्वमान्य होते. या भिंतीसमोर उभे असताना बॅगनॉल्ड यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. वाळूच्या उतारावर हळूहळू चढण्याचा प्रयत्न न करता त्यांनी ताशी साठ-पासष्ट किलोमीटर वेगाने गाडी थेट टेकडीवर घातली. गाडी रुतली नाही. ती अलगद वर चढली आणि माथ्यावर जाऊन उभी राहिली.

या धाडसातून एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. सगळी वाळू सारखी नसते. वारा ज्या बाजूने कण आणून आदळवतो तेथे ते एकमेकांत घट्ट बसतात आणि मोटारीचा भार सहज पेलतात. माथ्यापलीकडच्या, वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर मात्र वाळू नुसती घरंगळून साचलेली असते आणि तेथे चाक आसापर्यंत बुडते. दोन्ही पृष्ठभाग लांबून जवळजवळ सारखेच दिसतात. माथ्यावर नेमक्या क्षणी वेग आवरला नाही तर गाडी पलीकडच्या कड्यावरून खाली कोसळणार. म्हणून चालकाला इंजिनाइतकीच वाळूही वाचता आली पाहिजे, हा धडा बॅगनॉल्ड यांनी घेतला.

१९३२ च्या मोहिमेत मंडळींनी उवेनात पर्वतापासून सुदानमधील अल फाशेरपर्यंत जाऊन परत येत सहा हजार मैलांहून अधिक प्रवास केला. त्यातील बहुतेक भाग रस्ता नसलेल्या प्रदेशातील होता. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९३४ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले आणि १९३५ मध्ये त्यांचे ‘लिबियन सँड्स’ हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ते सैन्यातून निवृत्त झाले. वाळूचे कोडे मात्र त्यांना सोडीना. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात जागा मिळवून त्यांनी स्वतःच्या हाताने वाऱ्याचा बोगदा बांधला आणि त्यात वाळू उडवून तिच्या कणांच्या उड्या मोजल्या. प्रयोगशाळेतील निष्कर्ष खरे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी १९३८ मध्ये ते पुन्हा लिबियाच्या वाळवंटात गेले आणि प्रत्यक्ष वादळात उभे राहून त्यांनी मोजमापे घेतली.

सहा आठवड्यांची मुदत

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बॅगनॉल्ड यांना पुन्हा बोलावणे आले. नेमणूक होती पूर्व आफ्रिकेत. भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाला अपघात झाला आणि दुरुस्तीसाठी ते पोर्ट सैदला थांबले. या मुक्कामात बॅगनॉल्ड जुन्या मित्रांना भेटण्यासाठी कैरोला गेले. वाळवंटाचा हा जाणकार शहरात आल्याचे वृत्तपत्रात छापून आले, ते मध्यपूर्वेचे सरसेनापती जनरल वेव्हेल यांच्या नजरेस पडले आणि नेमणूक बदलून बॅगनॉल्ड इजिप्तमध्येच राहिले. हेच वेव्हेल पुढे १९४३ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले.

इजिप्तच्या पश्चिमेला लिबियात इटलीचे मोठे सैन्य होते. दक्षिणेच्या अथांग वाळवंटातून ते केव्हाही नाईलच्या खोऱ्याकडे येऊ शकले असते, पण त्या बाजूला पाहारा ठेवण्याचे साधन ब्रिटिशांकडे नव्हते. लहान मोटार-पथके उभारण्याची बॅगनॉल्ड यांची सूचना वरिष्ठांनी दोनदा फेटाळली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर तेच टिपण थेट वेव्हेल यांच्या हाती पोहोचले. त्यांनी तत्काळ संमती दिली आणि पथक उभे करण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत घालून दिली.

मोटारी कोठून आणायच्या हा पहिला प्रश्न. लष्कराच्या भांडारात योग्य गाड्या नव्हत्या. मग अलेक्झांड्रियातील शेवरोले विक्रेत्याकडून काही दीड टनी व्यापारी ट्रक विकत घेण्यात आले आणि उरलेले इजिप्तच्या सैन्याकडून उसने मागून आणले. बाजारात माल वाहणाऱ्या या साध्या मालमोटारी होत्या. कार्यशाळेत नेऊन त्यांचे टप, दारे, काचा काढण्यात आल्या, कमानपाटे वाढवून स्प्रिंगा भक्कम केल्या गेल्या, पाणी परत ओढणारे डबे, सूर्याची होकायंत्रे आणि बंदुकांचे खांब बसवले गेले. दहा वर्षांपूर्वी सुट्टीच्या प्रवासासाठी शोधलेली प्रत्येक युक्ती आता युद्धसाहित्य बनली. जुने सोबतीही परतले. पॅलेस्टाईनमधून, टांगानिकातून बोलावून घेतलेल्या या मध्यमवयीन मित्रांत पॅट क्लेटन आणि बिल केनेडी शॉ हे प्रमुख होते.

सैनिकांसाठी बॅगनॉल्ड यांनी न्यूझीलंडच्या डिव्हिजनकडे स्वयंसेवक मागितले. त्यांतील बरेच जण शेतकरी होते. आपल्या शेतावरची मोटार आणि यंत्रे स्वतः दुरुस्त करण्याची त्यांना सवय होती, आणि या कामी कवायतीपेक्षा ही सवय अधिक मोलाची होती. या पथकात गाडीची निगा हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. पायथ्याच्या ठाण्यापासून शेकडो किलोमीटर आत गेल्यावर मदतीला दुसरे कोणी येणार नव्हते. माणशी दिवसाला सुमारे साडेतीन लिटर पाणी मिळे आणि तेवढ्यातच चहा-स्वयंपाकही आला. तुटलेला पाटा, फाटलेला टायर, घासून गेलेला क्लच हे सारे मुक्कामावरच दुरुस्त करावे लागे. पेट्रोलचे पातळ पत्र्याचे डबे गळत आणि इंधनाचा मोठा भाग वाळूत मुरून जाई. एखादी गाडी सोडून द्यावी लागलीच, तर तिच्या अंगावरचा उपयोगी पडेल असा प्रत्येक भाग काढून घेतला जाई.

१९४० च्या सप्टेंबरपर्यंत पथके वाळूचा सागर ओलांडून शत्रूच्या पिछाडीला पोहोचली. जानेवारी १९४१ मध्ये चाडहून आलेल्या स्वतंत्र फ्रेंच सैनिकांसह त्यांनी लिबियातील मुर्झुक येथील इटालियन ठाण्यावर आणि विमानतळावर छापा घातला. इटालियन ठाण्यांना आपल्या पाठीमागेही शत्रू असू शकतो याची धास्ती बसली. किंमतही मोजावी लागली. ३१ जानेवारी रोजी जेबेल शरीफजवळ इटालियन मोटार-पथकाने क्लेटन यांच्या तुकडीला गाठले, काही ट्रक जाळले आणि क्लेटन यांना कैद केले. त्या धुमश्चक्रीत मागे राहिलेल्या चौघांनी शरण न जाता चालायला सुरुवात केली. त्यांच्याजवळ जेमतेम काही लिटर पाणी होते. न्यूझीलंडचा रोनाल्ड मूर हा सैनिक दहा दिवसांत सुमारे ३४० किलोमीटर चालल्यावर फ्रेंचांना सापडला. चौघांपैकी एकाने मात्र सुटकेनंतर प्राण सोडला. मोटार हातची गेली की वाळवंटात माणसाचे काय होते, याचे याहून विदारक उदाहरण नसेल.

१९४१ च्या मध्यावर बॅगनॉल्ड यांनी पथकाची सूत्रे गाय प्रेंडरगास्ट या जुन्या सोबत्याकडे सोपवली आणि ते कैरोच्या मुख्यालयात गेले. त्याच सुमारास शेवरोले थकल्यामुळे पथकाला चारही चाकांना जोर असणाऱ्या फोर्ड मालमोटारी मिळाल्या. कागदावर त्या सरस होत्या. प्रत्यक्षात त्यांचे वजन अधिक होते आणि पेट्रोलची भूक फारच मोठी होती. जेवढे इंधन जास्त तेवढा पल्ला कमी, हे गणित वाळवंटात परवडणारे नव्हते. १९४२ मध्ये कॅनडात बनलेल्या, केवळ मागच्या चाकांना जोर असलेल्या नव्या शेवरोले आल्या तेव्हा पथकाने सुटकेचा निःश्वास टाकला. कामासाठी सर्वांत बलवान यंत्रापेक्षा सर्वांत योग्य यंत्र निवडावे, या बॅगनॉल्ड यांच्या जुन्या विचाराला ही एक प्रकारे पुष्टीच मिळाली.

या इतिहासात हिंदुस्थानचाही वाटा आहे. हिंदी सैन्यातील घोडदळाच्या रेजिमेंटांमधून निवडलेल्या स्वयंसेवकांचे ‘इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन’ उभे राहिले आणि ते याच पथकाला जोडले गेले. जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान अशा त्याच्या चार तुकड्या होत्या. घोड्यांवरून नुकतेच मोटारींवर आलेले हे जवान लिबियाच्या वाळवंटात सूर्याच्या सावलीवर गाड्या हाकीत होते. आपल्याकडे ही हकीकत फारशी सांगितली जात नाही.

वाळूपासून मंगळापर्यंत

युद्ध ऐन भरात असताना, १९४१ मध्ये, बॅगनॉल्ड यांचा ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाऱ्याने वाळू कशी हलते, टेकड्या कशा घडतात आणि सरकतात याचे गणित त्यात प्रथमच नीट मांडले गेले. १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ब्रिगेडियर म्हणून सैन्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी नदीच्या पाण्यातून वाहणाऱ्या गाळाचा अभ्यास हाती घेतला. १९४६ मध्ये त्यांचा विवाह झाला. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याला त्यांनी अनेक वर्षे सल्ला दिला. मंगळावरील वाळूची छायाचित्रे पृथ्वीवर येऊ लागली तेव्हा त्यांचा अर्थ लावण्यासाठी शास्त्रज्ञांनी याच ग्रंथाची पाने उलटली आणि १९७७ मध्ये वाळवंटी भूरूपांवरील परिषदेत ‘नासा’ने ऐंशी वर्षांच्या बॅगनॉल्ड यांना बीजभाषणासाठी पाचारण केले. २८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१५ च्या अखेरीस, ‘क्युरिऑसिटी’ ही मानवनिर्मित गाडी मंगळावरील ज्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचली, त्या टेकड्यांना शास्त्रज्ञांनी बॅगनॉल्ड यांचेच नाव दिले आहे.

त्यांच्या मालमोटारींपैकी अस्सल अशा फारच थोड्या उरल्या. १९८० च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटात ‘वायकाहा’ नावाची एक शेवरोले सापडली. न्यूझीलंडच्या सैनिकांनी आपल्या गाड्यांना माओरी नावे दिली होती, त्यांतील ही एक. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमने ती आहे त्याच अवस्थेत जतन केली. तिला रंग लावला नाही, नवे टायर चढवले नाहीत की खरवडलेला पत्रा बदलला नाही. दुसरीकडे अनेक हौशी संग्राहक त्याच बनावटीचे सांगाडे मिळवून, भाग जुळवून, वाळूचा रंग देऊन त्या चालत्या-बोलत्या करतात. यांपैकी जतनाचा खरा मार्ग कोणता, यावर जुन्या गाड्यांच्या दुनियेत वाद सतत चालू असतो. एका बाजूला इतिहासाचा पुरावा आहे, तर दुसऱ्या बाजूला इतिहासातील कौशल्य.

बॅगनॉल्ड यांना स्वतःला गाड्यांचा संग्रह करण्यात कधीच रस नव्हता. काम झाले की गाडी मागे सोडून ते पुढे जात. पण पाण्याचा सांधा रोज संध्याकाळी तपासणे, सुटा भाग दुसऱ्या गाडीला बसेल याची आधीच तजवीज करणे, गाडीवर तिच्या ताकदीपेक्षा अधिक भार न लादणे आणि ज्या जमिनीवरून जायचे तिची पारख ठेवणे ही त्यांची शिस्त आजही प्रत्येक जुन्या मोटारीच्या मालकाला लागू पडते. काचेआड ठेवलेल्या ‘वायकाहा’ने त्या काळाचा पुरावा सांभाळला आहे. ती शिस्त मात्र काचेआड ठेवता येत नाही. पाना हाती घेऊन मोटारीखाली शिरणाऱ्याकडून ती पुढच्या पिढीकडे जाते, आणि असे हात आहेत तोवरच जुन्या मालमोटारी खऱ्या अर्थाने जिवंत राहणार आहेत.